तीन नंबरचा माणूस

1974 च्या विश्वचषकात नेदरलँड्सचा गोलरक्षक यान योंगब्लूड पाठीवर 8 आकडा घेऊन उभा राहत असे. 1 नंबरचा शर्ट रूड गेल्सकडे होता. गेल्स गोल मारणारा गडी, आणि त्या स्पर्धेत त्याला एकदाही मैदानात उतरवले गेले नाही. हा घोळ नव्हता. डच संघाने आकडे आडनावांच्या वर्णानुक्रमाने वाटले होते. त्या हिशेबाने 1 नंबर योहान क्रायफचा, पण त्याने आपला नेहमीचा 14 काही सोडला नाही. बाकीच्यांच्या बाह्यांवर आदिदासचे तीन पट्टे होते, क्रायफच्या बाह्यांवर दोनच, कारण त्याचा करार पूमाशी होता. नियम एकवीस जणांना, अपवाद एकाला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्या संघावर जे लिहिले गेले, ते बहुतांशी त्या अपवादावरच.

वर्णानुक्रमाने ज्याच्या वाट्याला 3 नंबर आला, त्या डावखुऱ्या मध्यरक्षकावर हे पुस्तक आहे. नाव विलेम व्हान हानेगेम. मराठी वाचकाला हे नाव भेटलेच असेल तर एखाद्या यादीत, नेस्केन्सच्या पुढे किंवा मागे, स्वल्पविरामात अडकलेले. ‘टोटल फुटबॉल’ म्हटले की आपल्याला क्रायफ आठवतो, प्रशिक्षक रिनुस मिखेल्स आठवतो, ॲमस्टरडॅमचा आयाक्स क्लब आठवतो. मग एकदम 1988 चे गुलिट, व्हॅन बास्टन आणि रायकार्ड. या मांडणीत खोटे काही नाही. पण त्यात रॉटरडॅम कुठेच येत नाही. युरोपचा चषक नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा आणला तो रॉटरडॅमच्या फेयनूर्डने, आयाक्सच्या एक वर्ष आधी. ज्या मधल्या फळीने तो आणला, तिच्या डाव्या अंगाला हा माणूस खेळत होता.

त्याच्याबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर तो पळायला मंद होता. हे त्याचे शत्रूच नव्हे, चाहतेही सांगतात. अंग जड, खांदे किंचित पुढे झुकलेले, चाल वाकडी. ‘वाकडा’ याच अर्थाचे टोपणनाव त्याला पडले आणि आयुष्यभर चिकटले. काही जण ते चालीवरून पडले म्हणतात, काही जण पासवरून, कारण त्याचे पासही सरळ जात नसत. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तो चेंडूला असा काप द्यायचा की चेंडू बचावपटूच्या बाजूने निघून, वळसा घेऊन, त्याच्या पाठीमागे उतरायचा. त्याचा उजवा पाय मुख्यतः उभे राहण्यासाठी होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टॅकल मात्र दोन्ही पायांनी करायचा, आणि ते अंगावर घेणाऱ्यांना त्या दोन पायांतला फरक जाणवत नसावा.

मग इतका सावकाश माणूस जगातल्या सर्वांत धावत्या संघात कसा? हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता, आणि हे पुस्तक लिहिण्याचे खरे कारण तोच आहे.

टोटल फुटबॉलचे वर्णन नेहमी पायांच्या भाषेत होते. बचावपटू पुढे जातो, आघाडीचा खेळाडू मागे येतो, जागा बदलत राहतात, सगळा संघ पुढे सरकून मैदान आखूड करतो, प्रतिस्पर्ध्याच्या पायात चेंडू गेला की तिघे एकदम त्याच्यावर तुटून पडतात. हे सगळे खरे. पण दहा माणसे जागा बदलत असताना चेंडू कोणाकडे जायचा हे ठरवायला कोणीतरी डोके स्थिर ठेवून उभे राहावे लागते. 1974 च्या मधल्या फळीत तिघे होते. योहान नेस्केन्स घुसायचा, पेनल्टी मारायचा, समोरच्याच्या अंगावर जायचा. विम यान्सन झाकायचा. जिथे भगदाड पडेल तिथे तो आधीच पोहोचलेला असे. आणि व्हान हानेगेम चेंडू पायाशी घेऊन क्षणभर थांबायचा. जुन्या चित्रफितींत त्या थांबण्याकडे लक्ष द्यावे. चेंडू धरून तो जरा पाठ वळवतो, प्रतिस्पर्धी जवळ येऊ देतो, कंबरेचा रेटा देऊन त्याला अडवून धरतो, आणि तेवढ्यात डाव्या बाजूने रूड क्रोल धावत सुटलेला असतो किंवा रॉब रेन्सेनब्रिंकने आतली वाट धरलेली असते. मग तो कापलेला पास. धावणाऱ्याला पाऊल बदलावे लागत नाही. संघाचा वेग म्हणून आपण जे पाहतो, त्यातला बराचसा वेग या सावकाश माणसाने चेंडूला दिलेला असतो.

क्रायफ संपूर्ण मैदानाला हात करकरून सूचना देत असे, हे सर्वांना ठाऊक आहे. व्हान हानेगेम त्या सूचना ऐकत असे की नाही, याबद्दल मला शंका आहे. पण त्या दोघांचे एकमेकांशिवाय अडत होते, एवढे खरे.

तो जन्मला 20 फेब्रुवारी 1944 रोजी ब्रेस्केन्स या गावी. नकाशात हे गाव नेदरलँड्सच्या अगदी नैऋत्य टोकाला, वेस्टरस्खेल्ड या रुंद खाडीच्या दक्षिण काठावर सापडेल. पलीकडे व्लिसिंगेन, आणि मधे फेरी. या फेरीमुळेच गावावर संकट आले. सप्टेंबर 1944 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधून मागे हटणारे जर्मन सैन्य याच बंदरातून खाडी ओलांडत होते. त्याला रोखण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी ब्रेस्केन्सवर प्रचंड बॉम्बफेक केली. पाठोपाठ कॅनडाच्या सैन्याने हा टापू लढून घेतला, तोवर गावाचा ढिगारा झाला होता. या युद्धाने व्हान हानेगेमच्या घरातून वडील, दोन भाऊ आणि एक बहीण हिरावून नेली. तो स्वतः तेव्हा रांगण्याच्या वयाचा होता.

पुढे मोठेपणी तो उघडपणे म्हणत आला की त्याला जर्मनांबद्दल द्वेष वाटतो, कारण त्यांनी त्याची माणसे मारली. हे वाक्य डच फुटबॉलवरच्या अनेक पुस्तकांत येते आणि बहुतेक लेखक तिथे थांबतात, कारण गोष्ट तिथे नीट बसते: पीडित घरातला मुलगा, तीस वर्षांनी म्युनिचमध्ये अंतिम सामना, समोर जर्मनी. ब्रेस्केन्सवर बॉम्ब टाकणारी विमाने जर्मन नव्हती, ही गोष्ट बसवायला अवघड जाते. मी तिच्यावरून त्याला खोटे पाडू इच्छित नाही. ते सैन्य त्या खाडीवर आले नसते तर तिथे कोणतेच विमान आले नसते, आणि बाप कसा असतो हे ज्याला कधी कळलेच नाही, त्या मुलाने विमानांच्या शेपटीवरची खूण तपासत बसावे अशी अपेक्षा कोण करील? पण वाचकाने दोन्ही गोष्टी ठाऊक असताना ती प्रकरणे वाचावीत, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

आई उरलेल्या घराला घेऊन उट्रेख्टला आली. तिथल्या व्हेलॉक्स या छोट्या क्लबात तो वाढला आणि 1962 पासून पहिल्या संघात खेळू लागला. डच फुटबॉल तेव्हा व्यावसायिक होऊन आठच वर्षे झाली होती. पगार बेताचे, क्लब गल्लोगल्ली, आणि त्यातले निम्मे दिवाळखोरीच्या काठावर. व्हेलॉक्स पुढे 1970 मध्ये आणखी दोन क्लबांशी मिळून एफसी उट्रेख्टमध्ये विरून गेला. 1966 मध्ये व्हान हानेगेम रॉटरडॅमच्या झेर्क्सेसकडे गेला, ज्याची डेल्फ्टच्या डीएचसी क्लबशी नुकतीच सोयरीक झाली होती. या संघाचा व्यावसायिक संसार दोन वर्षांतच, 1968 मध्ये मोडला. त्याच वर्षी व्हान हानेगेम आणि गोलरक्षक एडी ट्रेटेल फेयनूर्डमध्ये आले, आणि त्याच वर्षी त्याला राष्ट्रीय संघाचा शर्ट मिळाला. वय चोवीस. क्रायफ त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, पण तोवर आयाक्सबरोबर त्याची तीन विजेतेपदे झाली होती. या उशिरा सुरुवातीचे महत्त्व पुढे मी सविस्तर मांडले आहे. कोणत्याही मोठ्या क्लबाच्या शाळेने त्याला घडवले नाही, त्यामुळे कोणी त्याचा वाकडेपणा सरळही केला नाही.

फेयनूर्डचे मैदान, ज्याला सगळे ‘डे काइप’ म्हणतात, रॉटरडॅमच्या दक्षिण भागात आहे, गोदीकामगारांच्या वस्त्यांजवळ. 1937 मध्ये ते उघडले. तीन वर्षांनी, 14 मे 1940 रोजी, जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग जाळून टाकला. युद्धानंतर हे शहर नव्याने बांधावे लागले. रॉटरडॅमची माणसे स्वतःबद्दल बोलताना कामाबद्दल बोलतात आणि ॲमस्टरडॅमच्या माणसांना बोलघेवडे म्हणतात. अशा प्रादेशिक समजुतींवर मी फार विश्वास ठेवत नाही. मात्र डे काइपच्या प्रेक्षकाला व्हान हानेगेम का आवडला हे समजायला त्या उपयोगी पडतात. तो सुबक नव्हता. मार खायचा आणि द्यायचा. अधिकाऱ्यांना तोंडावर बोलायचा.

पहिल्याच हंगामात फेयनूर्डने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. 1969 च्या उन्हाळ्यात एर्न्स्ट हाप्पेल हा ऑस्ट्रियन प्रशिक्षक आला. हाप्पेल कमी बोलायचा आणि बोलला तरी त्याचे व्हिएन्नी जर्मन निम्म्या खेळाडूंना कळायचे नाही. पण मैदानाचे गणित त्याच्याइतके स्वच्छ त्या काळात फार थोड्यांना कळत होते. त्याने मधल्या फळीत तिघांना खेळवले: यान्सन, व्हान हानेगेम आणि व्हिएन्नाहून आलेला फ्रान्झ हासिल. हा तपशील नीरस वाटेल, पण 1970 सालची सगळी गोष्ट त्यातच आहे. दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीवीर घेऊन खेळणारे संघ अजून युरोपभर होते.

त्या वर्षीच्या युरोपियन कपमध्ये दुसऱ्या फेरीत समोर मिलान आले. गतविजेते, आधीच्याच अंतिम सामन्यात त्यांनी आयाक्सला 4-1 ने लोळवले होते. मिलानमध्ये फेयनूर्ड 1-0 ने हरले. रॉटरडॅममध्ये यान्सनने सुरुवातीलाच एक गोल केला आणि सामना संपत आला असताना व्हान हानेगेमने डोक्याने दुसरा. उपांत्य फेरीत लेगिया वॉर्साविरुद्ध पोलंडमध्ये गोलशून्य बरोबरी झाल्यावर घरच्या सामन्यात पहिला गोल पुन्हा त्याचाच, तिसऱ्या मिनिटाला, दुसरा हासिलचा. ज्याला लोक पास देणारा म्हणून ओळखतात, त्याने त्या मोसमात मोक्याच्या वेळी गोल केले, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

6 मे 1970. मिलानचे सान सिरो मैदान. समोर ग्लासगोचा सेल्टिक, 1967 चा विजेता. उपांत्य सामन्यात त्यांनी लीड्सला हरवले होते आणि ब्रिटिश वृत्तपत्रांच्या लेखी तोच खरा अंतिम सामना होता. सेल्टिकचा व्यवस्थापक जॉक स्टीन मोठा माणूस, पण त्या दिवशी त्याने मधल्या फळीत दोघेच ठेवले, मर्डॉक आणि ऑल्ड. समोर तिघे. फुटबॉलमध्ये तीन वजा दोन याचे उत्तर कधी कधी नव्वद मिनिटे मिळत राहते. टॉमी गेमेलने सेल्टिकला आघाडी दिली. दोनच मिनिटांत कर्णधार रिनुस इस्राएलने डोक्याने बरोबरी साधली. तिथून पुढे चेंडू बहुतेक वेळ फेयनूर्डकडे होता. व्हान हानेगेम आणि हासिल आलटून पालटून मोकळे सापडत होते आणि सेल्टिकला कोणाला धरावे हे शेवटपर्यंत कळले नाही. तरी निकाल जादा वेळेत गेला. 117 व्या मिनिटाला एक लांब चेंडू आला, बिली मॅकनीलचा तोल गेला, त्याचा हात चेंडूला लागला, पंचांनी खेळ थांबवला नाही, आणि स्वीडिश ओवे किंडवालने तो गोलरक्षकावरून उचलून जाळ्यात टाकला. 2-1.

पुढची तीन वर्षे हाच चषक आयाक्सने जिंकला. मिखेल्सचा आयाक्सही तोवर मधे तिघांना घेऊन खेळू लागला होता. टोटल फुटबॉलची जन्मपत्रिका मांडणारे हाप्पेलचे घर रिकामे सोडतात, ते मला पटत नाही. जन्म ॲमस्टरडॅममध्ये झाला असेल, पण त्याला चालायला शिकवण्यात रॉटरडॅमचा हात होता.

त्याच वर्षीच्या इंटरकॉन्टिनेन्टल कपबद्दल थोडक्यात. अर्जेंटिनाचा एस्तुदियांतेस संघ दांडगाईसाठी प्रसिद्ध होता. ब्युनॉस आयर्समध्ये फेयनूर्ड 2-0 ने मागे पडले, मग किंडवाल आणि व्हान हानेगेम यांच्या गोलांनी 2-2 झाले. रॉटरडॅममध्ये योप व्हान डाले या चष्मिष्ट बदली खेळाडूने एकमेव गोल केला. चिडलेल्या पाहुण्यांनी त्याचा चष्मा ओढून पायाखाली तुडवला. पण चषक रॉटरडॅममध्येच राहिला.

1971 आणि 1974 मध्ये आणखी दोन लीग विजेतेपदे, आणि 1974 च्या मे महिन्यात यूएफा कप: लंडनमध्ये टॉटनहॅमशी 2-2, त्यात एक गोल व्हान हानेगेमचा, रॉटरडॅममध्ये 2-0, आणि स्टँडमध्ये इंग्लिश प्रेक्षकांनी माजवलेला दंगा. दरम्यान क्रायफ बार्सिलोनाला गेला होता. व्हान हानेगेमलाही बाहेरून बोलावणे आले होते, फ्रान्सच्या मार्सेयकडून. पैसे भरपूर होते. घरात मते अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडली, तेव्हा निर्णय कुत्र्यावर सोपवला गेला आणि कुत्र्याने नकाराचा कौल दिला, अशी कथा डच फुटबॉलमध्ये सांगितली जाते. ऐकायला ती मजेदार आहे, आणि त्याने ती कधी पुसायचा प्रयत्न केल्याचे दिसत नाही. मला मात्र वाटते की कुत्र्याला फक्त मालकाच्या मनातले कळले असावे.

आता म्युनिच. 7 जुलै 1974. नेदरलँड्स 1938 नंतर प्रथमच विश्वचषकात आले होते आणि अंतिम सामन्यापर्यंत त्यांनी उरुग्वे, बल्गेरिया, अर्जेंटिना, पूर्व जर्मनी आणि ब्राझील यांना हरवले होते. फक्त स्वीडनने गोलशून्य बरोबरीत रोखले होते. अंतिम सामन्याची सुरुवात सर्वांना पाठ आहे. डच खेळाडूंनी चेंडू फिरवला, क्रायफ घुसला, उली होनेसने त्याला पाडले, नेस्केन्सने दुसऱ्या मिनिटाला पेनल्टी मारली. पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा पाय तोवर चेंडूला लागला नव्हता.

मग 25 व्या मिनिटापर्यंत, जर्मनीच्या पेनल्टीपर्यंत, काय झाले? दुसऱ्या गोलासाठी डचांनी नेट लावला नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. मांजर उंदराशी खेळते तसे, पण हा उंदीर म्हणजे बेकेनबाउअरचा संघ होता. पुढे व्हान हानेगेमने स्वतःच मान्य केले की त्याला गोलांपेक्षा त्यांची मानहानी हवी होती. फरक एकाच गोलाचा असला तरी चालेल, पण ते हास्यास्पद दिसले पाहिजेत. अकरा माणसांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, आणि सगळा दोष एकाच्या द्वेषावर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. बाकीच्यांनाही ती मजा हवीच होती. पण सामन्याचा वेग ठरवणे हे ज्याचे काम, त्यालाच त्या वेळी घाई नव्हती, एवढे चित्रफितीत दिसते. ब्राइटनरने बरोबरी साधली, मध्यांतराआधी गेर्ड म्युलरने वळता वळता दुसरा गोल घातला, आणि दुसऱ्या अर्धात डचांनी जीव तोडून हल्ले केले तरी गोल झाला नाही. व्हान हानेगेम रडत मैदानाबाहेर गेला. नेदरलँड्समध्ये या पराभवाची सल चौदा वर्षे राहिली. 1988 मध्ये हॅम्बुर्गला उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीला हरवले तेव्हा लोक ज्या संख्येने रस्त्यावर उतरले, ते एका उपांत्य सामन्याच्या मानाने फारच होते.

या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण म्युनिचवर नाही, झाग्रेबवर आहे. 16 जून 1976, युरोपियन अजिंक्यपदाचा उपांत्य सामना, समोर चेकोस्लोव्हाकिया. कोसळता पाऊस. वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस, शिस्तीचे कडक. चेकोस्लोव्हाकियाचा पोलाक आधीच बाहेर गेला होता, नंतर नेस्केन्सलाही लाल कार्ड मिळाले. 1-1 वरून सामना जादा वेळेत. तिथे शेवटची काही मिनिटे उरली असताना क्रायफला खाली पाडले गेले, थॉमस यांनी फाऊल दिला नाही, त्याच चालीतून चेंडू पुढे गेला आणि नेहोडाने गोल केला. डच खेळाडू पेटले. खेळ पुन्हा सुरू करायचा होता आणि व्हान हानेगेम मध्यवर्तुळात चेंडू मारायलाच तयार नव्हता. पंचांनी त्याला आपल्याजवळ बोलावले. तो जाईना. लाल कार्ड. नऊ जणांवर चेकोस्लोव्हाकियाने तिसरा गोल घातला.

मला हा प्रसंग त्याच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली वाटतो, आणि किल्ली कुलूप उघडते तसे लावतेही. फाऊल झाला होता, त्याचे म्हणणे बरोबर होते. तरी सामना संपायला काही मिनिटे उरली असताना आणि संघ आधीच दहा जणांचा झालेला असताना पंच बोलावतात तेव्हा दहा पावले चालत जाणे हेही मधल्या फळीतल्या वडीलधाऱ्या खेळाडूचे काम असते. रॉटरडॅमकर चाहत्याला ती दहा पावले न चालण्यातच तो आपला वाटतो. मला त्या क्षणी उरलेल्या नऊ जणांची दया येते.

पुढचा भाग भरभर सांगता येईल. 1976 मध्ये तो अल्कमारच्या एझेड ’67 क्लबात गेला. पैसेवाल्या मोलेनार बंधूंच्या पाठबळावर तो क्लब वर येत होता आणि 1978 मध्ये त्याच्यासह त्यांनी डच चषक जिंकला. त्याच वर्षी अर्जेंटिनात विश्वचषक. राष्ट्रीय प्रशिक्षक होता तोच जुना हाप्पेल. व्हान हानेगेमला पहिल्या अकरातल्या जागेची खात्री हवी होती, हाप्पेलने ती दिली नाही, आणि स्पर्धेच्या तोंडावर व्हान हानेगेम संघ सोडून घरी आला. क्रायफ गेलाच नव्हता, त्याच्या न जाण्यावर ग्रंथ लिहिले गेले. व्हान हानेगेमच्या माघारीवर चार ओळीही मिळत नाहीत. नेदरलँड्स पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले, निर्धारित वेळेच्या शेवटच्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा चेंडू खांबाला लागला, आणि जादा वेळेत यजमान 3-1 ने जिंकले. चौतिसाव्या वर्षी, बाकावर का होईना, तिथे असण्याला किंमत होती, असे माझे मत. अभिमान कुठे संपतो आणि हट्ट कुठे सुरू होतो हे त्याला कधीच नीट दिसले नाही.

1979 मध्ये शिकागो स्टिंगकडे थोडा काळ, मग एफसी उट्रेख्ट, म्हणजे एका अर्थी जुना व्हेलॉक्सच, आणि 1981 ते 1983 पुन्हा फेयनूर्ड. राष्ट्रीय संघाकडून 52 सामने, सहा गोल. तो निवृत्त झाल्यावर लगेचच्या हंगामात फेयनूर्डने आयाक्सशी बिनसलेल्या क्रायफला आपल्याकडे घेतले आणि त्यांनी लीग व चषक दोन्ही जिंकले. हा इतिहासाचा खवचटपणा म्हणायचा.

प्रशिक्षक व्हान हानेगेमची गोष्ट वेगळ्या पुस्तकाची आहे, म्हणून इथे शेवटच्या दोनच प्रकरणांत ती आटोपली आहे. 1992 मध्ये तो फेयनूर्डचा प्रशिक्षक झाला. 1993 मध्ये ख्रोनिंगेनच्या मैदानावर 5-0 ने जिंकून त्याच्या संघाने लीग घेतली, 1994 आणि 1995 मध्ये चषक. तक्ते, फळे, डावपेचांचे बाण यांत त्याला रस नव्हता. खेळाडूंना विनोद सांगायचा, टोमणे मारायचा आणि कोणाला कधी एकटे सोडायचे हे ओळखायचा. ही पद्धत फेयनूर्डमध्ये चालली. सौदी अरेबियात आणि इतरत्र ती कमी-अधिक चालली.

2004 च्या युरो स्पर्धेत तो राष्ट्रीय प्रशिक्षक डिक ॲडव्होकाटचा साहाय्यक होता. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध डच 2-0 ने पुढे होते. दुसऱ्या अर्धात सामना 2-1 असताना ॲडव्होकाटने धडाक्यात खेळणाऱ्या तरुण आर्येन रॉबेनला काढून पॉल बॉसव्हेल्ट हा बचावाकडे झुकणारा मध्यरक्षक उतरवला, आणि सामना 3-2 ने गेला. देशभर संताप. पत्रकारांनी व्हान हानेगेमला विचारले, ॲडव्होकाटने पुन्हा असा बदल करायचे ठरवले तर तू काय करशील? त्याने उत्तर दिले की तो त्याला ठोसा मारून आडवा करील. साहाय्यकाने आपल्या मुख्य प्रशिक्षकाबद्दल हे पत्रकारांसमोर बोलायचे असते का, हा वाद डच वृत्तपत्रांत बरेच दिवस चालला. स्पर्धेनंतर ॲडव्होकाट गेला, त्याच्याबरोबर हाही. शेवटचे काम उट्रेख्टमध्ये, 2007-08. क्लबाने 2008 मध्ये त्याला काढले.

त्यानंतर तो ‘आल्खेमेन डाखब्लाड’ या दैनिकात फुटबॉलवर स्तंभ लिहू लागला. त्या स्तंभात संघरचनेची आकडेमोड फारशी नसते. प्रशिक्षकांवर राग असतो, मागच्या मागे पास देत बसणाऱ्या मध्यरक्षकांवर त्याहून जास्त. चेंडू मिळाल्यावर खेळाडूने आधी पुढे का पाहिले नाही, हा एकच प्रश्न तो वेगवेगळ्या आठवड्यांत वेगवेगळ्या क्लबांना विचारत असतो.